दुसरं बोलावणं

शुक्रवारी दुपारी चर्चच्या घड्याळात तीनचे टोले पडले, विद्यापीठातल्या आपल्या खोलीत आराबानं ताटावरचं फडकं काढलं, तेवढ्यात दार वाजलं आणि चॅडहून शिकायला आलेली ती मुलगी आत आली. रीतीप्रमाणे आराबा म्हणाली, "ये, जेवायला बस." आणि मुलगी जेवायला बसली.

एवढंच घडलं. पण आराबाचा उचललेला हात ताटावर अधांतरी राहिला. मुलीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, झटकले, समोरची खुर्ची ओढली आणि केळीचं वाळकं पान सोडवून केंकेचा, आंबवलेल्या मक्याच्या त्या गोळ्याचा, चांगला मोठा तुकडा मोडला. तो वाटलेल्या मिरचीत बुडवला. तळलेल्या माशाच्या पाठीचा लचका काढला. आणि खाली बघून शांतपणे चावायला लागली. खोलीत तिच्या चावण्याचा आवाज तेवढा होता. खिडकीबाहेर हरमट्टानची, वाळवंटाकडून येणाऱ्या त्या कोरड्या वाऱ्याची, धूळ आभाळ खाऊन बसली होती, दिवसाढवळ्या सूर्य पांढऱ्या बशीसारखा दिसत होता, आणि आराबाला वाटलं, आपण उपासानं घेरी येऊन काहीतरी भलतंच बघतोय. दर शुक्रवारी तीनपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचा नेम तिनं आईच्या मागोमाग धरला होता. प्रभूनं त्या वेळी प्राण सोडला, तोवर आपल्या घशाखाली काही उतरू नये. इतक्या वर्षांत त्या उपासानं तिला कधी घेरी आणली नव्हती. मग हे काय होतं? जेवणाऱ्यापाशी कुणी आलं की "ये, जेव" म्हणायचंच, न म्हणेल तो माणूस कसला. आणि आलेल्यानं म्हणायचं, "माझा हात त्यातच आहे," म्हणजे तुमचं ते माझंच, पावलं सगळं, आणि आपल्या कामाचं बोलायचं. इथलं, सेकोंडीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. तिच्या स्वतःच्या ताटावर जन्मात कुणी असं खरोखर येऊन बसलं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं तिला झालं.

दारात डॉरकस उभी होती. डॉरकस तिची सेक्रेटरी, जिभेला लगाम नसलेली. तिच्या हातात उद्याच्या कार्यक्रमाचे कागद होते आणि तोंड उघडं होतं. "अगं बाई! मॅडमच्या ताटात? ए मुली, मॅडमचा उपास आहे आज, सकाळपासून पाणी नाही पोटात! तुला कुणी काही शिकवलं की नाही?"

मुलीनं मान वर केली नाही. "शिकवलं," ती म्हणाली. "मॅडमनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी."

"राहू दे, डॉरकस," आराबा म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. चर्चच्या बायकांच्या मंडळात तिला दोनदा बोलायला लावत. "दार ओढून घे."

मुलीचं नाव हालिमे अदूम. आराबाला ते नीट ठाऊक होतं, कारण उद्याच्या कार्यक्रमात सगळ्यांत पुढे तीच असायची होती. आराबा या विद्यापीठाची प्र-कुलगुरू. परदेशांशी नाती जोडायचं काम तिच्याकडे. ती या जागेवर आली तेव्हा इथे परदेशी विद्यार्थी म्हणजे शेजारच्या देशातले, ओळखीपाळखीनं आलेले थोडेसे होते. आता उद्या सभागृहात झेंड्यांची रांग लागणार होती, नॉर्वेचे पाहुणे कराराच्या शाईसकट येऊन हॉटेलात उतरले होते, आणि दुसऱ्या विद्यापीठांतले लोक आराबाला बोलावून विचारत, तुम्ही हे कसं केलंत, वरच्या माणसांनी यात काय करायचं असतं? ती सांगे, वरच्या माणसानं फार काही करायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, आणि आलेल्याला घरची रीत समजावून सांगायची, म्हणजे तो अवघडत नाही. हे वाक्य लोक उतरून घेत. तिलाही ते आवडत असे. आत्ता ते आठवलं आणि समोर बोटं चाटणाऱ्या मुलीकडे बघताना तिला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

"मी सहीसाठी आलेय," हालिमे म्हणाली. पिशवीतून कोरड्या हातानं तिनं एक कागद काढून मेजावर सरकवला. "मी नाव काढून घेतेय. घरी जाते. रविवारच्या बसनं."

"शेवटचं वर्ष आहे तुझं."

"हो."

"घरी कुणी आजारी?"

"नाही."

"अभ्यास जड जातोय?"

हालिमे पहिल्यांदा हसली. "पहिली आहे मी, मॅडम. म्हणून तर झेंडा दिलात."

आराबानं कागदाकडे बघितलं नाही. ती माशाकडे बघत होती. त्याची एक बाजू आता काट्यापर्यंत मोकळी झाली होती. लाज वाटावी असा विचार तिच्या मनात आला, की दुसरी बाजू तरी राहील का. आणि मग त्या विचाराचाच धक्का बसला. पाहुणा जेवतोय आणि मी मासा मोजतेय. "मग का?" तिनं विचारलं.

"सांगते. आधी हे सांगा, माझं उच्चारण कसं आहे?" आणि हालिमेनं मासा खाली ठेवला, पाठ सरळ केली, आणि इथल्या फान्ती बोलीत, सेकोंडीच्या कोळणींच्या हेलात, शब्दाच्या शेवटी अगदी हवा तसा सूर खाली सोडून म्हणाली, "माझा हात त्यातच आहे."

 डोळे मिटले असते तर आराबानं शपथेवर सांगितलं असतं, की ही आपल्या गल्लीतली बाई.

"छान म्हणते ना? सगळे म्हणतात. खोलीतल्या मुली म्हणतात, 'अय्या, ही तर आमचीच झाली!' आणि ताटाकडे वळतात. मी सुरुवातीला अडखळत म्हणायचे, तेव्हा त्या माझ्याकडे थोडा वेळ तरी बघायच्या. हसायच्या, शिकवायच्या. मग मला जमायला लागलं. मी जितकं छान म्हणायला लागले, मॅडम, तितक्या लवकर त्या वळायला लागल्या."

"त्यांच्या मनात काही वाईट नाही गं."

"वाईट नाहीच. वाईट असतं तर मी भांडले असते. भांडायला येतं मला." तिनं मिरचीत बोट फिरवलं. "गेल्या रमजानात मला ताप होता. तरी रोजा धरला होता. सूर्य बुडाला. मुली जेवत होत्या. म्हणाल्या, 'ये हालिमे, जेव.' मला जायचं होतं. मी उठलेसुद्धा. आणि तोंडानं म्हटलं, माझा हात त्यातच आहे. म्हणणारी मी नव्हते, मॅडम. तोंडानं म्हटलं. त्या वळल्या. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन खजूर खाल्ला. मग मी घाबरले. ताप उतरला, ती भीती नाही उतरली."

 पाण्याची टाकी तिला खिडकीतून दिसत होती. परदेशी मुलींच्या नव्या वसतिगृहासाठी ती तिनंच बसवून घेतली होती, पैशांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून. "मग आज?" तिनं विचारलं.

"आज मी जायचं ठरवून आलेय. जाणाऱ्याला कसली रीत? म्हटलं, एकदा बसून बघावं, काय होतं ते."

"आणि काय झालं?"

"तुम्ही हात आवरलात," हालिमे म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं ती बोलली. आराबानं आपल्या हाताकडे बघितलं. तो खरंच मांडीवर होता, मुठीत, पदराखाली लपवलेल्या चोरीच्या वस्तूसारखा. तो तिथे कधी गेला ते तिला कळलं नव्हतं. आत्ता उचलावा, ताटात घालावा, एक घास घ्यावा, म्हणजे सगळं सावरेल, असं तिला वाटलं. पण हात उठेना. "तुमच्याकडे कसं बोलावतात?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"आमच्याकडे बोलावत नाहीत. परात एकच असते. कुणी आलं की बसलेले सरकतात."

मग तिनं उरलेला केंके नीट पानात गुंडाळला, अर्धा मासा ताटात आराबाच्या बाजूला सरकवला, हात धुतले. दारापाशी थांबून खिडकीबाहेर बोट दाखवलं. "कुलगुरू साहेब मला दर वर्षी म्हणतात, 'काय गं, तुमच्या देशातली धूळ आली बघ तुझ्या मागोमाग, तिचीही फी भर!' मी हसते. पण ती धूळ बरी. विचारल्याशिवाय आत येते आणि कुणाच्याही ताटावर बसते."

"सही उद्या करते. कार्यक्रमानंतर," आराबा म्हणाली. "झेंडा...?"

"धरीन. कबूल केलंय ना."

ती गेली. ताटातला अर्धा मासा आराबानं खाल्ला नाही, टाकलाही नाही. डॉरकसनं ताट उचलताना पुटपुटून घेतलं, "आजकालच्या मुली! माझ्या ताटावर बसली असती तर कोंबडीसारखी पाटीखाली झाकून ठेवली असती," आणि आराबाच्या तोंडाकडे बघून ती ताट घेऊन बाहेर गेली.

तो दिवस तसाच गेला, आणि पहाटे, नेमाप्रमाणे चारला उठून ती प्रार्थनेला गुडघ्यांवर बसली तेव्हा शब्दच येईनात. आजवर असं कधी झालं नव्हतं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' एवढ्यापर्यंत ती आली आणि थांबली. आम्हाला म्हणजे कुणाला? तिला बर्गेनमधली ती पहिली दुपार आठवली, नॉर्वेत ती शिकायला गेली होती तेव्हाची. समोरच्या मेजावरच्या मुलानं कागदातून पाव बाहेर काढला आणि तिच्या डोळ्यांत बघत, काहीही न म्हणता, खायला सुरुवात केली. एक शब्द नाही. ती इतकी हबकली होती की उठून बाहेर गेली, बर्फात उभी राहिली, आणि तिला वाटलं, या लोकांनी मला माणसांतून काढून टाकलं. तिथल्या थंडीची नाही, त्या पावाची आठवण तिला वर्षानुवर्षं येत राहिली. म्हणूनच तर, परत आल्यावर, आपल्या दारी येणारं कुणी असं हबकू नये म्हणून तिनं ते स्वागताचं भाषण बांधलं, आणि भाषणात ती गोष्ट घातली, तिची प्रसिद्ध गोष्ट: आमच्या गल्लीत रेल्वेच्या कामावर आलेला एक पोलंडचा इंजिनियर राहायचा. एक दिवस आई दारात बसून जेवत होती. तो जाताना दिसला. आई म्हणाली, ये, जेव. आणि काय सांगू, तो बसला की हो! केंके संपला, मासा संपला, मिरची बोटानं पुसून घेतली, आणि आम्ही भावंडं रांगेत उभी राहून बघतोय! सभागृह इथे हशानं फुटायचं. मग ती हात वर करून सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायची: माझा हात त्यातच आहे. पुन्हा एकदा. शाबास. आता तुम्ही सेकोंडीचे झालात. कुलगुरू टाची गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "प्रोफ, तुमच्या या एका गोष्टीत निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं व्हिसाचं!"

पण गुडघ्यांवर बसल्या बसल्या, भाकरीपाशी अडकून, तिला ती संध्याकाळ दिसली. गोष्टीतली नव्हे, खरी.  तो बसला नव्हता. आई म्हणाली होती, ये, जेव. आणि त्यानं टोपीला हात लावून काहीतरी पुटपुटलं होतं, नको असंच काहीतरी, आणि तो पुढे चालायला लागला होता. चार घरं ओलांडून गेला होता. त्याच्या सदऱ्याचं पाठीवरचं कापड घामानं काळं झालेलं तिला दिसत होतं. आईनं घास खाली ठेवला. आणि ती ओरडली, आराबाची ती हलक्या आवाजाची आई, गल्लीभर ओरडली, "अरे ए, माणसा! जेवायला ये!" बायकांनी दारांतून माना बाहेर काढल्या. तो वळला. आईनं पायानं शेजारचा स्टूल पुढे ढकलला. मग तो आला. तो जेवत असताना आईनं एक घासही घेतला नाही, आणि तो गेल्यावर आराबा चिडून म्हणाली होती, "सगळं खाल्लं त्यानं!" तेव्हा आई ताट विसळत म्हणाली होती, "तोंड बघितलंस त्याचं? दिवसभर कुणी बोललं नव्हतं त्याच्याशी. पहिलं बोलावणं तोंडाचं असतं, बाळ. ते सगळ्यांना. दुसरं पोटातलं. दुसरं आलं की जायचं असतं, आणि दुसरं कुणाला द्यायचं ते ज्याच्या पुढ्यात ताट आहे त्यानं बघायचं असतं." गोष्टीतून हे कधी गळलं? पहिल्या वर्षी? हशा लवकर यावा म्हणून? तिनं गाळलं असंही तिला आठवेना. ते आपोआप झिजून गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या रीतीवर तिनं अख्खं विद्यापीठ उभं केलं होतं. सभागृहंच्या सभागृहं भरून ती पोरांना शिकवत आली होती, की आमच्याकडे नाही कसं म्हणायचं. हो कधी म्हणायचं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि इथल्या मुलींना, तिच्या आपल्या लेकींना, दुसऱ्यांदा हाक मारायची असते हे कुणी सांगितलं होतं? बाहेर कोंबडा आरवला आणि आराबा दचकली. प्रार्थना तशीच राहिली.

सभागृह भरलं होतं. झेंडे एकेक करून आले, हालिमे सगळ्यांत पुढे, निळा-पिवळा-लाल झेंडा छातीशी, चेहरा कोरा. नॉर्वेच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सह्या झाल्या. "आणि आता," टाची मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "ज्याच्यासाठी तुम्ही सगळे आलात ते! करारबिरार ठीक आहे हो, आमच्या प्रोफ आराबांची इंजिनियरची गोष्ट ऐकली नाहीत तर विमानाचं तिकीट फुकट!" आराबा उठली. आज सगळी सांगायची. तिनं सुरुवात केली, गल्ली, आई, ताट, आणि "एक दिवस तो जाताना दिसला," एवढं म्हणाली तोच जुने विद्यार्थी हसायला लागले. त्यांना पुढचं पाठ होतं. "तो बसला की हो!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा उसळला. "नाही," आराबा म्हणाली, "तो बसला नाही, तो पुढे गेला, आईनं पुन्हा..." पण तिचा आवाज मुळातच हळू, तिनंच बांधलेल्या हशाखाली तो बुडून गेला, आणि तिनं समजावण्यासाठी हात वर केला तर साऱ्या सभागृहानं ती खूण ओळखली आणि नव्याजुन्यांनी एका सुरात म्हटलं, माझा हात त्यातच आहे! पुन्हा एकदा म्हटलं. भिंती दणाणल्या. पाहुण्यांनी मोडकंतोडकं म्हणून बघितलं. टाचींनी तिच्या हातातून हळूच मायक्रोफोन घेतला. "शाबास! आता तुम्ही सेकोंडीचे झालात!" आराबा व्यासपीठावर उभी होती, तोंड थोडं उघडं, आणि पहिल्या रांगेत झेंड्याच्या काठीवर हनुवटी टेकून हालिमे तिच्याकडे बघत होती. तिनं ऐकलं होतं की नाही कळत नव्हतं.

बाहेर अंगणात जेवणं मांडली होती. धुळीनं आंब्याची पानं राखाडी झाली होती. सगळे घोळक्याघोळक्यानं खात होते, आणि आराबा रिकाम्या हातानं त्यातून चालली होती, कालपासूनची उपाशी. काल उपास सोडायचाच राहून गेला होता. टाची पाहुण्यांबरोबर एका मेजावर बसले होते. तिला बघून त्यांनी कोंबडीची तंगडी हवेत उंचावली. "या प्रोफ, जेवायला!"

तिला बसायचं होतं. पाय दुखत होते, जवळच खुर्ची रिकामी होती.

"माझा हात त्यातच आहे," आराबा म्हणाली.

टाची वळलेसुद्धा होते. पाहुण्याला ते काहीतरी व्हिसाचं सांगत होते. ती तिथेच उभी राहिली. आपल्याच तोंडातून निघालेला तो आवाज, तो शेवटी खाली सोडलेला सूर, तिला बाहेरून ऐकू आला होता, आणि किती झटकन ते झालं ते बघून ती गार पडली. श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. दार लागल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

अंगणाच्या टोकाला पायरीवर हालिमे बसली होती, एकटी, मांडीवर ताटली, शेजारी गुंडाळलेला झेंडा. तिनं हे सगळं बघितलं होतं.  झेंडा उचलून पलीकडे ठेवला आणि थोडी सरकली.

आराबा जाऊन बसली. ताटलीत भात होता. हालिमेनं ती दोघींच्या मध्ये ठेवली. आराबानं घास घेतला.

"ती गोष्ट," हालिमे म्हणाली, "पुढे काय झालं? तुम्ही म्हणालात, आईनं पुन्हा."

"पुन्हा हाक मारली."

"हं." तिनं भाताची कडा बोटानं सारखी केली. "सहीचा कागद आणलाय का?"

कागद आराबाच्या पर्समध्ये होता. पेनही. तिनं पर्सवर हात ठेवला. "जाऊ नकोस," ती म्हणाली.

हालिमेनं तिच्याकडे बघून मान लववली, नम्रपणे, अगदी रीतसर. "तुम्ही म्हणालात, पावलं, मॅडम," ती म्हणाली. आणि ताटली आराबाच्या मांडीवर ठेवून, झेंडा उचलून, फाटकाच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या निळ्या ओढणीवर पाठीकडून धूळ बसली होती. ती मेजांच्या रांगा ओलांडून गेली. एका मेजावरून मुली म्हणाल्या, "ये हालिमे, जेव," आणि तिनं न थांबता, हसून, सुंदर सुरात उत्तर दिलं, आणि त्या वळल्या.

आराबा उठली. मांडीवरची ताटली पडली, भात पायरीवर सांडला. तिच्या पोटातून, उपाशी पोटातून काहीतरी वर आलं, आणि मग तिला जो आवाज ऐकू आला तो तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, लहानपणी, गल्लीत.

"हालिमे! ए मुली! जाऊ नकोस!"

घास थांबले. टाची तंगडी हातात घेऊन अर्धवट उठले. डॉरकसनं छातीवर हात ठेवला. सगळं अंगण, सगळे देश, माना वळवून प्र-कुलगुरूंकडे बघत राहिले, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, फाटकाशी, झेंडा काखोटीला मारलेली ती मुलगी थांबली. अजून तिनं तोंड वळवलं नव्हतं. आराबानं पायानं पायरीवरचा भात बाजूला सारला, आणि जागा केली.